पेरू देशातल्या कुस्को शहराहून एकच दिवस असेल तर: पवित्र खोरे की दक्षिण खोरे?

गाइडसोबतच्या सहलींत पवित्र खोऱ्याला गर्दी जास्त, आणि ती उगीच नाही. पिसाकच्या पायऱ्यापायऱ्यांची शेती पाहून ओयांतायतांबोला पोहोचलं की समोर सहा प्रचंड शिळांची भिंत उभी राहते. हे दगड नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेले. इथेच १५३७ मध्ये इंका साम्राज्याचा राजा मांको इंका याने स्पॅनिश फौजेला माघार घ्यायला लावली. गाव कुस्कोपेक्षा सुमारे ६०० मीटर खाली असल्याने विरळ हवेचा त्रास होणाऱ्यांना बरं पडतं. पुढे माचू पिचूची रेल्वेही इथूनच मिळते.

तरी माझं मन दक्षिण खोऱ्याकडेच ओढ घेतं. इंकांच्या आधी इथे कोण होतं, याचं उत्तर तिथे पायाखाली सापडतं. पिकियाक्ता हे वारी (Wari) नावाच्या जुन्या संस्कृतीच्या लोकांनी इंकांच्या कित्येक शतकं आधी वसवलेलं नगर. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या उंच भिंती, आणि त्यांवर कुठेकुठे अजून टिकलेला पांढरा गिलावा. जवळच रुमिकोल्काचं प्रवेशद्वार आहे. मूळ बांधकाम वारींचं, त्यावर घट्ट बसवलेले घडीव दगड इंकांचे. दोन संस्कृतींची कारागिरी एकाच भिंतीत! मग तिपोन, जिथे इंकांनी बांधलेल्या पाटांतून आजही झऱ्याचं पाणी खळाळतं.

माचू पिचू पुढे ठरलेलंच असेल, तर ओयांतायतांबो वाटेत होईलच. मोकळा दिवस दक्षिणेला द्या. मात्र गाइड वारींबद्दल नीट बोलणारा आहे ना, हे आधी विचारा. नाहीतर पिकियाक्तात नुसत्या भिंती दिसतील.