गेनचा नॉब नसलेला रेकॉर्डर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मुलाखती, नाटकाच्या तालमी आणि माहितीपटांचे चित्रीकरण अशी माझी जवळजवळ सगळी कामे मी तळहातावर मावणाऱ्या एका दोन-चॅनलच्या ३२-बिट फ्लोट (आवाज अतिशय मोठ्या पल्ल्यात साठवणाऱ्या पद्धतीच्या) रेकॉर्डरवर करते आहे. या यंत्राला गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, नॉबच नाही. त्याआधीची बरीच वर्षे २४-बिटच्या रेकॉर्डरवर गेली असल्यामुळे समोरचा माणूस बोलत असताना अंगठा सतत नॉबवर ठेवण्याची सवय हाडीमाशी खिळलेली होती, आणि पहिले दोन आठवडे तो अंगठा नसलेला नॉब शोधत राहिला.

यंत्राच्या आत प्रत्येक चॅनलसाठी दोन कन्व्हर्टर असतात. एक हळू आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी जुळवलेला असतो, आणि दोघांनी घेतलेल्या नोंदी जोडून एकच फाइल तयार होते. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराची २४-बिटच्या फाइलची मर्यादा कागदावर १४४ डेसिबल असली, तरी चांगल्या कन्व्हर्टरकडून प्रत्यक्षात १२० डेसिबलच्या आसपासच मिळतात. म्हणून पूर्वी अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाच्या शिखरासाठी १२ ते २० डेसिबल जागा मोकळी सोडून लेव्हल लावावी लागत असे, आणि तो अंदाज चुकला की आवाज कापला जाई, म्हणजे लहरींचे माथे सपाट होऊन तो फाटे.

तिसऱ्या महिन्यातल्या एका तालमीने मला या यंत्राची खरी किंमत कळली. रंगमंचाच्या पुढच्या कडेवर माइक लावलेला होता. अभिनेत्री जवळजवळ पाच मिनिटे कुजबुजत होती, आणि मग कोणतीही पूर्वसूचना न देता तिने माइकपासून दोन हातांवर येऊन किंकाळी फोडली. हेडफोनमध्ये आवाज फाटला आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी फाइल उघडली तेव्हा लहरींचे माथे सपाट कापलेले दिसत होते, पण क्लिपची लेव्हल १५ डेसिबलने खाली घेताच प्रत्येक माथा गोल, अखंड वर आला. फाटला होता तो फक्त हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर, फाइलला धक्काही लागलेला नव्हता. जुन्या रेकॉर्डरवर ती किंकाळी कायमची गेली असती.

या अनुभवाने मी निर्धास्त झाले, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा फटका बसला. एका वक्त्याच्या सदऱ्याला बिनतारी लेपल माइक लावला होता आणि ट्रान्समीटरवरचा गेन आदल्या कामाचा तसाच राहिला होता. वक्ते जोरात हसले की आवाज कापला जात होता. या वेळी लेव्हल खाली घेतली तरी माथे सपाटच राहिले, फक्त बुटके झाले. आवाज ट्रान्समीटरमध्येच कापला गेला होता आणि रेकॉर्डरपर्यंत तो कापलेलाच पोहोचला होता. ३२-बिट फ्लोटचे संरक्षण रेकॉर्डरच्या सॉकेटपासून पुढे सुरू होते. त्याच्या अलीकडे बिनतारी संच असो, सिग्नल वाढवणारा बाहेरचा प्रीअ‍ॅम्प असो किंवा माइकमधलेच इलेक्ट्रॉनिक्स असो, तिथली लेव्हल पूर्वीइतक्याच काळजीने लावावी लागते. आता ट्रान्समीटर हातात घेतला की मी आधी त्याचा गेन पाहते आणि वक्त्याला एकदा मोठ्याने हसायला सांगते.

माइक कुठे ठेवायचा या बाबतीत तर या यंत्राची काहीच मदत होत नाही. तोंड आणि माइक यांच्यातले अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. नंतर लेव्हल वर ओढली की आवाजाबरोबर पंखा, भिंती आणि शेजारच्या खोलीतले संभाषणही वर येते. गेन लावण्याच्या धांदलीतून सुटलेली मिनिटे मी आता खुर्ची हलवण्यात, पडदे ओढण्यात आणि बूम (माइकची लांब काठी) आणखी चार बोटे खाली आणण्यात घालवते, आणि माझ्या कामात झालेली सुधारणा मुख्यतः त्यातूनच आली आहे.

शॉटगन, म्हणजे समोरचा आवाज उचलणाऱ्या लांब नळीच्या माइकबद्दल माझे मत या काळात बदलले. सेनहायझरचा एमकेएच ४१६ मी बाहेरच्या कामासाठी आजही डोळे झाकून उचलते. त्याची रचना रेडिओ-फ्रिक्वेन्सी कंडेन्सर पद्धतीची असल्याने दमट हवेतही तो खरखरत नाही, आणि केसाळ विंडशील्ड चढवले की वाऱ्याचा त्रासही आटोक्यात राहतो. परंतु कमी उंचीचे छत असलेल्या लहान खोलीत कोणताही शॉटगन मला निराश करतो, कारण त्याची लांब नळी वरच्या पट्टीतल्या आवाजालाच दिशा देते आणि बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाज डब्यातून आल्यासारखा रंगवते. तिथे लहान डायफ्रॅमचा हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा, लांब नळी नसलेला) माइक बूमवर लावल्यापासून संवाद कितीतरी नैसर्गिक येऊ लागले आहेत.

डायनॅमिक (चुंबक आणि कॉइलवर चालणारा) माइक वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहिते. श्युअर एसएम७बी हा माइक इतका मंद सिग्नल देतो की त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो. रेकॉर्डरला नॉब नाही म्हणजे ही गरज संपली असे होत नाही, ती फक्त संपादनाच्या टेबलावर सरकते, आणि तिथे प्रीअ‍ॅम्पचा स्वतःचा हिसही (सूं-सूं आवाज) ६० डेसिबलने वर येतो. माझ्या यंत्राचा प्रीअ‍ॅम्प शांत आहे. वक्ता माइकपासून वीतभर अंतराच्या आत असेल तर हिस ऐकू येत नाही, पण तो खुर्चीत मागे रेलला की वाक्यांमधल्या विरामांत स्पष्ट कळते.

वीजपुरवठा हा या यंत्राचा सर्वांत दुबळा भाग आहे. दोन्ही माइकना ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) दिली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा व्होल्टेज १.२ असतो आणि अल्कलाइनचा १.५, त्यामुळे मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही तर उरलेल्या चार्जचा आकडा चुकीचा दिसतो. पॉवर बँक जोडून पाहिली, तेव्हा तिने रेकॉर्डरला लागणारा प्रवाह फारच कमी आहे असे समजून थोड्या वेळाने स्वतःला बंद केले. कमी भारावरही चालू राहणारी पॉवर बँक शोधल्यावर हा प्रश्न मिटला.

फाइलच्या आकाराचाही विचार करावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला दोन चॅनलची ३२-बिट फाइल तासाला सुमारे १.४ जीबी होते, म्हणजे साध्या वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादा तीन तासांच्या थोडे पुढे गाठली जाते आणि यंत्र नवी फाइल सुरू करते. जोड बेमालूम असतो, पण संपादकाला आधी सांगितले नाही तर तो दुसरी फाइल शोधतच बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २४-बिटमध्ये रूपांतर करण्यापूर्वी लेव्हल खाली घ्यावीच लागते, अन्यथा शून्याच्या, म्हणजे २४-बिटच्या कमाल लेव्हलच्या, वर गेलेले सगळे माथे त्या क्षणी कायमचे कापले जातात. एका संपादकाकडे माझी तालमीची फाइल नेमकी अशीच बिघडली, म्हणून आता मी मूळ फाइल स्वतःकडे ठेवून लेव्हल बसवलेली २४-बिटची प्रतच पाठवते.

लांब व्याख्यानांना कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांतला फरकही दिसतो. दोघांत दशलक्षामागे २० भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रीकरणात जवळजवळ दोन फ्रेम, आणि ओठ व शब्द वेगळे पडलेले जाणवू शकतात. माझ्या यंत्राला टाइमकोडची (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठीच्या वेळेच्या खुणांची) सोय नसल्याने मी ते जुळवण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही वेळा टाळी वाजवते. दोनपेक्षा जास्त माइकच्या कामाला मात्र अजूनही जुना २४-बिटचा रेकॉर्डरच बाहेर निघतो, आणि तेव्हा अंगठा पुन्हा नॉबवर असतो.