एमआयटीचा ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यासक्रम: एक परीक्षण

एमआयटीने २००६ मध्ये अध्यापनासाठी तयार केलेली एक्सव्ही६ ही युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असून, तिच्याभोवती रचलेला हा अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहे. कॉपी-ऑन-राइटची लॅब मला सर्वांत मोलाची वाटली: फोर्क करताना, म्हणजे चालू प्रोग्रॅमपासून (प्रोसेसपासून) तशीच दुसरी प्रोसेस निर्माण करताना, मेमरीची नक्कल न करता दोन्ही प्रोसेस तीच पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) केवळ वाचण्यापुरती वापरतात, आणि एखादी लिहू लागताच पेज फॉल्ट (त्या पेजचा तसा वापर करता येत नसल्याचा इशारा) होऊन कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तेवढ्याच पेजची प्रत काढते, हे स्वतः सी भाषेत लिहिल्यावर व्हर्च्युअल मेमरीचे, म्हणजे प्रोसेसला दिसणारे पत्ते प्रत्यक्ष मेमरीशी जोडून देणाऱ्या व्यवस्थेचे, प्रयोजन खरोखर उमगते. कोणती प्रोसेस केव्हा चालवायची हे ठरवणारा शेड्यूलर मात्र साधा राउंड-रॉबिन, म्हणजे प्रत्येकीला आळीपाळीने संधी देणारा, आहे. प्राधान्यक्रमाचे विवेचन अन्यत्र शोधावे लागते. सी भाषेतील पॉइंटर (मेमरीतील पत्ते साठवणारी चले) पक्के नसतील, तर आधी त्यांवर मेहनत घ्यावी, कारण येथे एका चुकीने संपूर्ण कर्नल कोसळू शकते.