सुप्याकडचा माळ: गोशाळा काढावी, खिल्लार पाळावी की मेंढ्यांना चरू द्यावं?

नोकरी पुण्यात आणि वडिलोपार्जित दहा-बारा एकर माळ बारामती, दौंड, पुरंदर नाहीतर इंदापूरकडं, अशी बरीच मंडळी आहेत. भेटली की विचारतात, "देशी गाईंना सरकार पैसे देतं म्हणे, गोशाळा काढू का?" आमचाही बारामतीतल्या सुप्याजवळ बारा एकर माळ आहे, सातबाऱ्यावर बराचसा पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा. दोन वर्षं मी याच हिशेबात आहे.

गोशाळेचं आधी बघू. 30 सप्टेंबर 2024 ला मंत्रिमंडळानं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि त्याच दिवशी गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपयांचं अनुदान मंजूर केलं. कारणही खरं होतं. 2019 च्या पशुगणनेत राज्यात देशी जनावरं 46 लाखांच्या आसपास भरली, आधीच्या गणनेपेक्षा वीस टक्क्यांहून कमी. गाईमागं वर्षाला 18,250 रुपये होतात. पण हे पैसे संस्थेला मिळतात, तुम्हा-आम्हाला नाही. नोंदणीकृत गोशाळा हवी, तीन वर्षांचा अनुभव हवा, किमान 50 जनावरं हवीत आणि प्रत्येकाच्या कानात बिल्ला हवा. खिल्लार या देशी जातीच्या गाईला दिवसाला आठ-नऊ किलो कोरडा चारा लागतो. तो कडब्याच्या भावात धरून बघा, 50 रुपये कुठवर पुरतात ते कळेल. गोठा, पाणी, माणूस हा खर्च वेगळाच. भाकड आणि म्हाताऱ्या गाई सांभाळणाऱ्या संस्थांना या पैशांचा आधार आहे, तो त्यांना मिळायलाच हवा. घरचा माळ आहे म्हणून गोशाळा काढणाऱ्यानं मात्र या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुदान दावणीला बांधलेल्या गाईचं आहे. माळावर गवत आहे की नाही, हे त्यात कुणी विचारत नाही.

दोन-चार खिल्लार गाई घरी पाळल्या तर त्यांना रोजचं अनुदान नाही. दूध वासरू पिऊन दोन-तीन लिटर, म्हणजे डेअरीला घालण्याचं गणित विसरा. पैसा आहे तो खोंडात, म्हणजे तरण्या बैलात. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि चांगल्या खोंडाची मागणी पक्की झाली. कालवड झाली तर मात्र तुम्ही आणि तुमची माया. ज्यांचं कुणी गावी राहतं, सकाळ-संध्याकाळ गाईला हात लावणारं घरात आहे, त्यांनी जरूर पाळाव्यात. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांवर गाय जगत नाही.

आता मेंढ्या. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण चरण्यासाठी म्हणून पैसे देणारी आपल्याकडची मला माहीत असलेली एकच योजना यात आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबाकडं किमान 20 मेंढ्या आणि एक नर असला, तर जून ते सप्टेंबर महिन्याला 6,000 प्रमाणं 24,000 रुपये चराई अनुदान आहे. हेच चार महिने का? कारण तेव्हा रानं पेरलेली असतात, वनखात्याच्या जागेत मेंढरं घालू देत नाहीत, आणि कोकणात किंवा घाटात उतरावं तर तिथल्या चिखलात डेक्कनी, म्हणजे आपल्या कोरड्या माळावरच्या जातीच्या मेंढीचे खूर सडतात. वीस मेंढ्यांचं कुटुंब असेल तर मेंढीमागं दिवसाला दहा रुपयेही पुरते पडत नाहीत. रक्कम कुटुंबाला ठरलेली असल्यानं साठ मेंढ्यांची खांड, म्हणजे कळप असेल तर त्याचाही तिसरा हिस्सा उरतो.

योजना भटक्या जमाती-क, म्हणजे धनगर समाजातल्या कुटुंबांसाठी आहे. त्यात बसत असाल तर 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि एक नरही मिळू शकतो. चौकशी पुण्यात गोखलेनगरच्या मेंढी फार्मवर, अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळात करा. एक मात्र सांभाळा. योजनेत सुधारित नरांचंही वाटप आहे. डेक्कनीच टिकवायची असेल तर नर स्वतः पारखून घ्या. बाकीच्यांना राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 मेंढ्या आणि 5 नरांच्या प्रकल्पावर निम्मं, कमाल 10 लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. पण तो व्यवसाय आहे, माळाची राखण नव्हे.

मी चौथी वाट धरली. जनावर आपलं नको, गवत आपलं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाला, रान चरायला दिलं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी कुसळी गवताचं एक कोवळं पातं तोडून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "दादा, हे आत्ता गोड. दसऱ्यानंतर याची कुसळं मेंढराच्या तोंडात घुसत्यात, लोकरीत घुसत्यात, पार कातड्यापत्तूर." तेव्हा मला कळलं की माळाला चरणारं तोंड वेळेवर लागतं. कुसळी कोवळी असताना मेंढरांनी खाल्ली आणि खालचा मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं मोकळी झाली. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं पायथ्याच्या तुकड्यात बसवली. त्या लेंडीखतावर रब्बीची ज्वारी कशी आली, ते शेजाऱ्यांनी बांधावर उभं राहून पाहिलं. मेंढरं बसवण्याचे पैसे किंवा धान्य आपण द्यायचं असतं, चराईचे त्यांच्याकडून मागायचे नसतात. हा जुना व्यवहार आहे, तो मोडू नका.

लांडगा या भागात आहेच, तो या माळाचा आधीपासूनचा रहिवासी. कोकरू नेलं तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मागता येते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा आमच्या बांधापर्यंत येतात, तीही याच मोकळ्या गवतामुळं.

इंग्लंडात हाच व्यवहार उलट्या बाजूनं केलाय. तिथं चराऊ रानावर दुर्मिळ स्थानिक जातीची जनावरं ठेवली की जमिनीच्या हेक्टरमागं जादा रक्कम मिळते. कंट्रीसाइड स्टुअर्डशिप योजनेत हा दर एकेकाळी 94 पौंड होता. म्हणजे गवत, जनावर आणि मालक एकाच हिशेबात. आपल्याकडं गाईचा पैसा गोशाळेला, मेंढीचा मेंढपाळाला, आणि माळ राखणाऱ्याच्या हाती काही नाही. म्हणून तो जेसीबी बोलावतो आणि प्लॉट पाडतो. एकदा माती उलटली की मारवेल सहजी परत येत नाही, हे शेजारच्या गटात मी पाहतोय.

तेव्हा गावी घरचं माणूस असेल तर दोन खिल्लार घ्या. योजनेत बसत असाल आणि मेंढरामागं चालायची तयारी असेल तर डेक्कनी. दोन्ही नसेल तर मे महिन्यातच एखाद्या वाड्याशी बोलून ठेवा आणि प्यायच्या पाण्याची सोय करा. आमच्या विहिरीजवळची कुंडी गेल्या वर्षी लहान पडली, यंदा दुप्पट लांबीची बांधतोय.