अंडी हातानं फिरवायची की मोटर घ्यायची?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी घरात असेल आणि अंडी दहा-बाराच असतील, तर तिलाच बसवा. रात्रंदिवस ती स्वतःच अंडी उलटीपालटी करते. प्रश्न थर्माकोलच्या डब्यात बल्ब, पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून उबवणाऱ्यांचा आहे. बेळगाव-खानापूर भागात असे डबे आता बऱ्याच घरांत दिसतात. उष्णता सगळे डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, ३७.५ अंश. चुकतं ते फिरवण्यात.

वाढणारा जीव बलकाच्या माथ्यावर असतो आणि बलक वर तरंगतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं की जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. माझ्या पहिल्या खेपेला चौथ्या दिवशी आम्ही सगळे निपाणीला लग्नाला गेलो. दोन दिवस अंड्यांना कुणाचा हात लागला नाही. चोवीसातल्या नऊच अंड्यांतून पिल्लं निघाली. बाकीची फोडून बघताना पोटात कालवलं.

हातानं फिरवायचं तर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून किमान ३ वेळा, जमलं तर ५ वेळा फिरवा. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, असं आमच्याकडं चालतं. आकडा विषमच हवा, म्हणजे रात्रीच्या लांब पल्ल्यात अंडं रोज वेगळ्या कुशीवर राहतं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. एकाच दिशेनं गोल गोल नको, आतल्या नाजूक शिरा ताणतात. हात धुतलेले हवेत. तंबाखूच्या किंवा शेणाच्या हातानं अंड्याला शिवू नका, कवचाला बारीक छिद्रं असतात. झाकण दोन-तीन मिनिटं उघडलं म्हणून घाबरायचं कारण नाही, कोंबडीसुद्धा दाणे टिपायला रोज उठतेच. आणि हाताचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक अंडं नजरेखालून जातं. तडकलेलं, वास मारणारं लगेच बाजूला काढता येतं.

मोटरचा ट्रे तासा-दोन तासांनी अंडी कलती करतो आणि त्याला लग्नकार्य आडवं येत नाही. पण गावठी अंडी लहान असतात, मोठ्या अंड्यांसाठी केलेल्या खाचांत ती सैल बसतात. मोटर मुकाट्यानं बंद पडली तर कळतही नाही, म्हणून तिथंही फुली मारून रोज नजर टाकावी लागते. करंट गेला की मोटरही थांबते. अशा वेळी उघडझाप न करता हवेची भोकं सोडून डब्यावर घोंगडं टाका. फिरवण्याची एखादी पाळी चुकली तरी चालेल, अंडी गार पडायला नकोत.

माझं मत विचाराल तर तीसेक अंडी आणि दिवसभर घरात कुणीतरी असेल, तर मोटरवर पैसे घालू नका. घरातले सगळे सकाळीच कामाला बाहेर पडत असतील, तर मात्र मोटरच घ्या. ‘सकाळ-संध्याकाळ बघून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच. दोन पाळ्या पुरत नाहीत.

काहीही निवडलं तरी १८ व्या दिवशी फिरवणं बंद. मोटरवाल्यांनी ट्रे काढून अंडी जाळीवर आडवी ठेवावीत, नाहीतर पिल्लांचे पाय अडकतात. डब्यात ओलावा राहावा म्हणून पाण्याचं भांडं भरा आणि आतून चिवचिव ऐकू आली तरी झाकणाला हात लावू नका.