जिम्नीचे मॅगव्हील, दहा महिने आणि १२,४०० किलोमीटर: आधी पाना घालून बघा

जुलैमधल्या एका रविवारी हरिहर किल्ल्याच्या पायथ्याच्या हर्षेवाडीच्या अलीकडच्या चढावर, पावसाची झड चालू असताना, आमच्या मारुती जिम्नीचा मागचा डावा टायर बसला. दगडाची धार टायरच्या खांद्याला लागली होती. पंक्चरची वात घालून बघितली, धरेना. जॅक लावायच्या आधी नट सैल करून घ्यावेत म्हणून गाडीतला पाना काढला, तर तो नटावर बसेचना. नट १९ चा, पाना १९ चा, तरी नाही. मोबाइलच्या उजेडात आत बघितलं. बाहेरून घेतलेल्या मॅगव्हीलमधलं (अलॉयच्या चाकातलं) नटाचं भोक खोल आणि इतकं अरुंद, की पान्याची जाडीच त्यात मावत नव्हती. भोकाच्या काठावर काळ्या रंगात पान्यानं चांदीसारखी गोल रेघ पाडली होती आणि नट बोटभर आत तसाच होता.

शेजारच्या खाचरात आवणी चालली होती. तिथले एक काका ट्रॅक्टरचा पाना घेऊन आले. त्यांनी एकदाच आत डोकावलं. म्हणाले, "ताई, याच्यात आमचा पण नाही जायचा." मागच्या दारावर चांगली हवा भरलेली स्टेपनी, जॅक आहे, चार हात आहेत, आणि चाक उघडता येत नाही. मावसभाऊ आणि त्याची दोन लहान मुलं बरोबर. शेवटी पंप लावून हवा भरायची, थोडं पुढं जायचं, पुन्हा थांबायचं, असं करत दोन तासांनी त्र्यंबकला पोचलो. तिथल्या पंक्चरवाल्याकडे पातळ भिंतीची गोटी (सॉकेट) होती. त्यानं तिला लांब पाइप लावला तेव्हा कुठे नट हलले, कारण दुकानात ते हवेच्या गननं आवळलेले.

सोमवारी अंबडला कामावर गेल्यावर मोजलं. मी क्वालिटीत आहे, व्हर्निअर हाताशीच असतो. भोक २६ मिलिमीटर, गाडीच्या पान्याचं बाहेरचं माप २८. दोन मिलिमीटरसाठी दोन तास. ज्या दुकानातून चाकं घेतली तिथं फोन केला, तर म्हणे, "मॅडम, आमच्या मशीनवर उघडतात की." मी म्हटलं, मशीन हर्षेवाडीला येणार आहे का? मग, "पाना तुमच्या गाडीचा, त्यात आमचं काय?" मला हे अजिबात पटलेलं नाही. जिम्नीसाठी म्हणून चाक विकता, तर जिम्नीचा पाना त्यात जातो का हे बघणं तुमचं काम आहे. शंभर रुपयांचं काम नाही हे, एकदा घालून बघायचं. पातळ गोटी आणि लांब दांडा मीच ६४० रुपयांना घेतला.

आता चाकांबद्दल. गाडी जिम्नीचं झेटा मॉडेल, म्हणजे पोलादी डिस्कवाली. मुळात १५ इंची, साडेपाच जे (म्हणजे साडेपाच इंच) रुंद, ऑफसेट (चाक गाडीला टेकतं ती पाठ रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटरवर आहे ते माप; आकडा घटला की चाक बाहेर येतं) अधिक ५, टायर १९५/८० आर १५. मी घेतले १५ इंची, ७ जे, ऑफसेट उणे १०, वर २१५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन टायर. चार चाकांचे ३६,००० झाले, टायर वेगळे. १५ इंचच ठेवायचं हे पहिल्यापासून पक्कं होतं. सिंहस्थाच्या कामांनी नाशिक शहरातले रस्ते उखडलेत, गिरणारेच्या पुढे तर विचारूच नका. रिम मोठी केली की तेवढी रबराची उंची जाते आणि खड्ड्याचा मार थेट धातूला बसतो. १६ बघा, १७ बघा असं दुकानात तीनदा सुचवलं. ऐकलं नाही ते बरं केलं.

ऑफसेटच्या बाबतीत मात्र दिसण्याला भुलले. गणित सोपं आहे आणि ते मी आधी करायला हवं होतं. रुंदी दीड इंचानं वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर. ऑफसेट १५ नं घटला, म्हणजे अख्खं चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकलं. एकूण टायरची कड ३४ मिलिमीटर बाहेर आली, आतल्या बाजूला फक्त ४ मिलिमीटर गेली. आत कुठे घासत नाही, गाडी ऐटीत उभी दिसते. पण हरसूलच्या रस्त्यावरची सगळी लाल राड दारांवर, आरशांवर, काचेवर येते. स्टिअरिंगला रस्त्याचा प्रत्येक धक्का पूर्वीपेक्षा जास्त लागतो. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवरचा ताण जास्त, हेही आहेच. आज घ्यायची झाली तर ६ जे, ऑफसेट शून्य घेईन. तेवढ्यात कड ११ मिलिमीटर बाहेर येते, बास होतं.

अलॉय म्हणजे हलकं, हाही माझा समज होता. पिंपळगावला मामांच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या काट्यावर जुनी डिस्क आणि नवं चाक आळीपाळीनं ठेवलं. जवळपास सारखंच भरलं. साच्यात ओतून केलेलं रुंद चाक बारीक पोलादी डिस्कपेक्षा हलकं असेलच असं नाही. त्यात टायर जड. शहरात साडेचौदाचं मायलेज साडेतेरावर आलं. पेट्रोलचा हा फरक महिन्याच्या हिशोबात दिसतो आणि मला तो टोचतो.

इथपर्यंतचं जुलैच्या रागात लिहिलं होतं आणि पाचपैकी दोन तारे देऊन मोकळी होणार होते. मग ऑगस्टमध्ये विल्होळीच्या पुढे, रात्री, पाण्यानं भरलेला खड्डा दिसलाच नाही. साठच्या वेगानं पुढचं उजवं चाक आत गेलं. आवाज असा आला की मी रिम गेली असंच धरून चालले. खाली उतरून बोट फिरवलं, काठ सलग. दुसऱ्या दिवशी मशीनवर फिरवून घेतलं, वाकलेलं नाही, तडा नाही, हवा जशीच्या तशी. चाक घेताना मागच्या बाजूला कोरलेला कमाल भार वाचला होता, एका चाकाला ६९० किलो. चार चाकांचे पावणेतीन टन होतात आणि भरलेली जिम्नी दीड टनाच्या आसपास. तो आकडा खरा आहे असं त्या रात्री वाटलं. म्हणून चाकाच्या मजबुतीला मी आता नावं ठेवणार नाही.

थरथरण्याचं एक प्रकरण झालं तेही सांगते. पहिल्या महिन्यापासून ऐंशीला स्टिअरिंग थरथरायचं. जिम्नीला पुढेही सॉलिड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर, त्यामुळे जरा कुठे कमीजास्त झालं की ते थेट हातात येतं. दोनदा बॅलन्सिंग केलं, पैसे गेले, फरक शून्य. मग हबचं, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या गोल भागाचं, माप घेतलं: गाडीचा हब १०८, चाकाचं मधलं भोक ११०. चाक हबवर टेकतच नव्हतं, नुसत्या नटांवर लटकलं होतं. गाडी जमिनीवर टेकलेली असताना नट आवळले तर गाडीच्या वजनानं हब त्या भोकात थोडा खाली बसतो आणि चाक तसंच घट्ट होतं. आमच्या शेजारच्या लेथवाल्या दादांकडून अॅल्युमिनियमच्या चार रिंगा खरादून घेतल्या, एका मिलिमीटरच्या भिंतीच्या. चाक हवेत असताना, समोरासमोरचे नट थोडेथोडे करत आवळले, शेवटी टॉर्क पान्यानं १०० न्यूटन-मीटर. थरथर गेली. अधूनमधून परत येते ती चिखलानं: रिमच्या आत गारा वाळून बसतो आणि एका बाजूचं वजन वाढतं. पावसाळ्यात बॅलन्सिंगला जायच्या आधी चाकाची आतली बाजू पाण्याच्या जोरानं धुवा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

सर्व्हिस सेंटरनं जॉब कार्डवर 'बाहेरचे व्हील' असं लिहून ठेवलंय. विम्यात मी ते आधीच नोंदवून घेतलं, थोडा हप्ता वाढला.

राहिली माझी सगळ्यात मोठी चूक, चारच चाकं घेतली. नऊ हजार वाचवले. स्टेपनी जुनीच, १९५/८० ची. तिचा व्यास ६९३ मिलिमीटर, नव्यांचा ७०३. टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, हळूहळू घरी यायला चालतं. पण फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर दिला की, पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधलेले असतात, आणि टायरांना पकड असेल तिथं एक चाक लहान असलं तर तो ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) जातो. म्हणजे जिथं फोर-व्हीलची गरज पडते तिथंच स्टेपनी लावून बिनधास्त चालवता येत नाही. शिवाय टायरांच्या जागा आलटून-पालटून बदलताना पाचवा त्यात धरता येत नाही, तो दारावर बसून नुसता जुना होतो.

म्हणून गेल्या शनिवारी, मनाविरुद्ध, पाचवं चाक घ्यायला त्याच दुकानात गेले. दुसरीकडे तेच डिझाइन नव्हतं. मागच्या दारावर ते बसतं, मूळ कव्हर मात्र वर बसत नाही. काउंटरच्या मागे खिळ्याला पातळ गोट्यांची माळ टांगलेली दिसली. विचारलं तर पोरगा म्हणाला, "ताई, आता प्रत्येक सेटबरोबर एक देतो. जुलैत कुणाची तरी गाडी अडकली होती म्हणे हरिहरकडे." मी माझ्या गोटीची पावती पर्समधून काढून त्याच्यासमोर ठेवली. मालकानं ती वाचली, काही बोलले नाहीत, आणि बिलातून ६४० कमी केले.