कोआ म्हणून एमडीएफ : लॅप स्टील गिटार करून घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

'हवाईचं अस्सल कोआ लाकूड, हाताने घडवलेली बॉडी, इंपोर्टेड पिकअप, तुमच्या मापाने बनवून देतो' असं सांगत कुणी नाशिककडे लॅप स्टील गिटारच्या (मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची हवाईयन गिटार) ऑर्डरी घेत असेल, तर पैसे टाकण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. माझे ४२,००० रुपये गेले. वाद्य आलं, नाही असं नाही. पण जे आलं त्याला वाद्य म्हणायची माझी तयारी नाही.

मी नाशिकरोडचा. प्रेसमध्ये छपाई खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. हवाईयन गिटार तरुणपणापासून वाजवतो. आमच्या पिढीने हे वाद्य ऐकलं ते व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डींवर, आणि पुढे पंडित ब्रिजभूषण काब्रांनी त्याच्यावर राग वाजवून दाखवले तेव्हा तर वेडच लागलं. पण आपल्याकडे दुकानात हवाईयन म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा नेहमीचीच पोकळ गिटार असते. नट, म्हणजे खुंट्यांजवळची तारा टेकायची पट्टी, उंच करून तारा वर उचलल्या की झाली हवाईयन. सिनेमाची गाणी तिच्यावर छान वाजतात. मला मात्र मूळ हवाईच्या चाली वाजवायच्या होत्या, सी सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये : खालून वर सी, ई, जी, ए, सी, ई. त्यात बार नुसता सरळ किंवा जरा तिरका ठेवून निम्मे कॉर्ड हाताशी येतात. त्यासाठी आखूड स्केलची, भरीव बॉडीची इलेक्ट्रिक लॅप स्टील लागते.

डिझाइन मी स्वतः ग्राफ पेपरवर काढलं होतं. नटपासून ब्रिजपर्यंत (तारा बॉडीवर टेकतात ती दुसरी पट्टी) २२½ इंच; तारेच्या या वाजत्या लांबीलाच स्केल म्हणतात. हे माप माझं नाही. १९३०च्या दशकात रिकनबॅकरची जी पहिली इलेक्ट्रिक हवाईयन गिटार निघाली, लोक जिला 'फ्राइंग पॅन' म्हणत, तिच्या ए-२२ मॉडेलचं तेच माप. बॉडी पावणेदोन इंच जाड, तारा बारची जागा दाखवणाऱ्या रेघांपासून साधारण ३/८ इंच वर, आणि सहाच्या सहा तारा एका पातळीत. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांच्यावर सरळ लोखंडी बार फिरायचा असतो.

तर हा गृहस्थ भेटला गंगापूर रोडला एका घरगुती मैफिलीत. बरोबर त्याने स्वतः केलेली म्हणून एक लॅप स्टील आणली होती. ती मी वाजवून पाहिली. उत्तम होती, आजही उत्तमच म्हणेन. सूर लांबत होता, बार कुठेही अडकत नव्हता. मिरजेला सतार-तानपुऱ्याच्या कारखान्यात हात घडला असं तो सांगत होता, आणि मिरजेचं नाव काढलं की आपल्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही. बोलणं एकदम आर्जवी. 'काका, तुमच्यासारखा माणूस ड्रॉइंग घेऊन येतो हेच आमचं भाग्य.' ठरलं ३६,०००. त्यातले २०,००० आगाऊ. यूपीआयवर नाव भलतंच आलं, तर म्हणाला बायकोचं खातं आहे, माझं जीएसटीचं काम चालू आहे.

मग फोटो सुरू झाले. आज फळी रंधली, आज पिकअपसाठी (तारांचं कंपन विजेच्या लहरींत बदलणारा भाग) खाच पाडली, आज पहिला हात लॅकर मारला. फोटो देखणे. मधेच, पिकअप कस्टममध्ये अडकला म्हणून ६,००० वेगळे घेतले. पावती मागितली तर 'सगळ्याची एकच पक्की पावती देतो'. शेवटी पार्सल तयार आहे म्हणाला, पण उरलेले १६,००० आल्याशिवाय ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकणार नाही. वर्कशॉपवर येतो म्हटलं की कधी वीज नाही, कधी कारागीर गावाला, कधी घरात सुतक.

पार्सल उघडलं आणि पाच मिनिटांत माझी नजर एका रेघेवर अडकली. बॉडीच्या वरच्या बाजूला खुंट्यांजवळ भोवऱ्यासारखी एक सुंदर रेघ होती, कोआच्या लाकडात असते तशी. तीच रेघ, तंतोतंत तीच, मधल्या बारीक तपकिरी ठिपक्यासकट, कडेच्या पट्टीवर पुन्हा. लाकडात असं होत नाही. झाड स्वतःची नक्कल करत नाही, नक्कल रोलर करतो. आयुष्य छपाईत गेल्यावर एवढं तरी कळतंच. फर्निचरला चिकटवायचा लाकडी डिझाइनचा छापील रोल मिळतो ना, तो लावून वर लॅकरचे जाड हात मारले होते. कोपऱ्यावर नखाने उचकटलं तर कागदासारखा पापुद्रा निघाला.

मग खुंटीच्या पट्टीचा एक स्क्रू काढला. स्क्रूच्या आट्यांना चहाच्या भुकटीसारखा बारीक, कोरडा भुसा. भरीव लाकडात स्क्रू फिरवला तर तंतू निघतात, भुकटी निघत नाही. आत एमडीएफ होतं, म्हणजे लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फर्निचरची फळी. कोआ हवाई बेटं सोडली तर नैसर्गिकपणे कुठेच उगवत नाही. बाभळीच्या जातकुळीतलं झाड, तिकडेही महाग. ३६,०००मध्ये कोआची भरीव बॉडी आणि वर इंपोर्टेड पिकअप हा हिशेब मुळातच बसत नाही. आणि गंमत म्हणजे कोआ नसता तरी माझं काही अडलं नसतं. पहिली इलेक्ट्रिक लॅप स्टील ॲल्युमिनियमची होती, पुढे बेकेलाइटच्याही निघाल्या. चांगलं वाळलेलं सागवान नाहीतर तूण दिलं असतं तर मी खुशीने घेतलं असतं. सहा तारांचा मिळून अर्ध्या क्विंटलच्या वर ताण पडतो, तो सहन करणारी भक्कम फळी हवी, एवढंच. एमडीएफने तो किती सहन केला? सी सिक्स्थला तारा चढवल्या, आणि दुसऱ्या दिवशी ब्रिज पुढे कललेला. स्क्रूंनी जागा सोडली होती. त्यात पावसाळ्याचे दिवस, दमट हवेत एमडीएफ फुगतं.

आता रेघांचं. लॅप स्टीलला उठावाचे पडदे नसतात, नुसत्या आखलेल्या रेघा असतात, बार कुठे थांबवायचा हे डोळ्याला कळावं म्हणून. नटपासून बाराव्या रेघेचं अंतर हे नटपासून ब्रिजच्या अंतराच्या बरोबर निम्मं असायला हवं. माझ्या मापाला ११¼ इंच. टेप लावला तर बारावी रेघ १२¾ इंचांवर! दुप्पट करा : २५½. ही तर सर्रास मिळणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारची स्केल. म्हणजे कुठल्यातरी गिटारच्या पट्टीवरून रेघा उचलून माझ्या २२½ इंची तारांखाली आणून चिकटवल्या होत्या. त्या बाराव्या रेघेवर बार ठेवला की वरचा षड्ज यायच्या ऐवजी सूर आणखी अडीच अर्धस्वर वर जातो. आणि ही चूक पहिल्या रेघेपासून आहे, पुढे नुसती वाढत जाते.

नटही तिकडचाच. नेहमीच्या गिटारला मानेला हलका बाक असतो म्हणून नटच्या खाचाही कमानीत असतात. तसल्या नटखाली लाकडाचा तुकडा घालून तो उंच केला होता. बार ठेवला की मधल्या तारांवर टेकतो आणि कडेच्या दोन तारा नुसत्या झणझणतात. जोर लावला तर मधल्या तारांचा सूर वर जातो. मी बार सातपूरच्या लेथवाल्याकडून नीट करून घेतलेला आहे, त्यामुळे दोष बारचा नाही हे लगेच कळलं.

पिकअप 'अल्निको' म्हणून, म्हणजे ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या चुंबकाचा म्हणून, सांगितलेला. खालचं झाकण काढलं तर साध्या लोखंडी खुंट्या आणि त्यांच्या तळाशी चिकटवलेली एक काळी सिरॅमिक चुंबकाची कांडी. त्यात वाईट काही नाही, स्वस्त पिकअप असेच असतात आणि वाजतातही. फक्त त्यांच्यासाठी कस्टमचे ६,००० भरावे लागत नाहीत.

फोन केला. आधी म्हणाला, 'काका, आत बॅलन्ससाठी एमडीएफ घालावंच लागतं.' रेघांचं विचारलं तर, 'लॅप स्टीलला रेघा शोभेच्या असतात काका, कान तयार करा.' चाळीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकवायला जिगर लागते, तेवढी मात्र त्याच्याकडे आहे. त्यानंतर नंबर बंद.

फोटोंचा उलगडा माझ्या भाच्याने केला. त्याने ते सगळे फोन पुढे धरून मोठे करून पाहिले. एका फोटोत टेबलामागच्या भिंतीवर विजेचा सॉकेट होता : दोन उभ्या चिरा आणि खाली एक गोल भोक. असला सॉकेट नाशिकमध्ये कुणाच्या घरात नसतो, तो अमेरिकेतला. गुगल लेन्सवर टाकल्यावर तीच फळी, तेच टेबल एका परदेशी कारागिराच्या कामाचं निघालं. शिवाय एका फोटोत फळीला असलेली गाठ पुढच्या फोटोत गायब. मैफिलीतला नमुना कुणाचा होता, देव जाणे.

म्हणून माझं सांगणं, फोटोवर जाऊ नका. मागायचंच असेल तर व्हिडिओ मागा, आणि त्यात तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख खडूने फळीवरच लिहायला सांगा. फळी लॅकर मारण्याआधी कापलेल्या टोकाकडून दाखवायला लावा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा तशाच वळून टोकावर उतरल्या पाहिजेत. तिथे सपाट तपकिरी रंग किंवा थर दिसले की समजा. रेघा आखून झाल्या की टेप लावून बारावी रेघ आणि ब्रिज एकाच फ्रेममध्ये दाखवायला सांगा. खरा कारागीर याला रागावत नाही, उलट खूश होतो. पैसे ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच नावावर टाका. आणि शेवटचा हप्ता वाद्य मांडीवर घेऊन वाजवल्यावरच.

माझ्यापुरतं पुढे काय झालं ते सांगतो, कारण अशा वेळी कुठे जायचं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. यूपीआयचे पैसे आपण स्वतःहून टाकलेले असतात, त्यामुळे बँक ते सहजासहजी परत आणत नाही. पण फसवणूक लगेच लक्षात आली, माल आलाच नाही आणि माणूस गायब, असं असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर फोन करायचा. पैसे पुढे जायच्या आत गोठवता आले तर तिथूनच येतात. माझ्यासारखा माल आला पण खोटा आला, तर ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता कुठला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते, आणि आधी विचारपूस करायची तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मी नोटीस पाठवली, ती 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली. पाकीट न फोडता तसंच ठेवलंय, वकील म्हणाले तेही कामाला येतं. तक्रार दाखल केली आहे. सोबत ड्रॉइंगची प्रत, सगळे चॅट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, आणि टेप लावून काढलेला बाराव्या रेघेचा फोटो जोडला आहे. गिटार तशीच ठेवली आहे, त्या तपासणीनंतर एक स्क्रू फिरवलेला नाही, कारण आता ती पुरावा आहे. तुम्हालाही याच पद्धतीने कुणी वाद्य दिलं असेल तर ते दुरुस्त करायला किंवा विकायला जाऊ नका, आणि चॅट तर मुळीच डिलीट करू नका. एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन तक्रारी झाल्या तर पोलिसांकडेही वजन पडतं.