गटाची एकदिवसीय भटकंती: गेल्या वाटेने परत की वर्तुळाकार वाट?

नवख्यांचा गट असेल तर गेल्या वाटेनेच परतावं. कोणी दमलं तर कुठूनही मागे फिरता येतं, फाटे ओळखीचे झालेले असतात. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा 1892 चा नियम पुरतो: दर 5 किमीला 1 तास, अधिक दर 600 मीटर चढाला 1 तास. यात विश्रांती धरलेली नाही. मोठ्या गटाला दीडपट वेळ द्या, कारण गट सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने सरकतो.

वर्तुळाकार वाटेत कंटाळा नाही, पण निम्मी ओलांडली की माघार लांबची. प्रत्येक फाट्यावर गट तुटतो (हमखास!), म्हणून शेवटचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. अवघड टप्पा पहिल्या निम्म्यात येईल, तोही चढताना, अशीच दिशा निवडा.